कोरडवाहू भागात कवठाची कलमे

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सह्याद्रीलगतचा अकोले तालुक्याचा पश्चिम भाग वगळल्यास पावसाचा भरवसा नाही. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी यांसारख्या तालुक्यांत मुरमाड बांधावर किंवा ओढ्याकाठी कवठाचे झाड उभे असले, तर ते बहुधा आपोआप उगवलेले असते. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याच्या फळांची चटणी व वडी होते; एरवी झाडाकडे कोणी पाहत नाही.

कवठ लिंबाच्या कुळातील आहे. पान चुरगळल्यास तसाच वास येतो. हलकी जमीन व पाण्याचा ताण ते सोसते. मग त्याची लागवड का होत नाही? कारण उघड आहे. बियांपासून वाढविलेले झाड फळावर येण्यास पंधरा वर्षे लागू शकतात, आणि फळ मोठे व गोडसर येईल की लहान व आंबट, हे तोपर्यंत कळत नाही. बाजारात बी निवडून घेतले तरी ही अडचण टळत नाही. कलम केल्यास मात्र मूळ झाडाचेच गुण उतरतात, फळ लवकर धरते व झाड आटोपशीर राहते.

बियांचा उपयोग खुंट तयार करण्यासाठी करावा. पिकलेल्या फळातील बी गर काढून स्वच्छ धुवावे, सावलीत सुकवावे व ताजे असतानाच पिशवीत उथळ पेरावे. सुमारे वर्षाने रोप पेन्सिलीएवढे जाड झाले म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर, हवेत ओलावा असताना मृदुकाष्ठ कलम करावे. गावातील ज्या झाडाची फळे खात्रीची आहेत, त्याचीच काडी घ्यावी. ती तीन-चार महिने वयाची, १० ते १५ सेंटिमीटर लांब असावी. कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून छाटावीत, म्हणजे डोळे फुगतात. खुंटाचा शेंडा कोवळ्या भागात छाटून ३-४ सेंटिमीटर खोल चीर द्यावी, काडीस तेवढीच पाचर करून बसवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. काडी खुंटापेक्षा बारीक असल्यास निदान एका बाजूची साल सालीस जुळलीच पाहिजे.

बांधावर आपोआप उगवलेल्या रोपावरही जागच्या जागी असे कलम करता येते. त्याचे सोटमूळ दुखावत नाही, हा मोठाच लाभ. गुजरातेत गोध्रा येथील केंद्राने ‘थार गौरव’ ही कवठाची जात निवडली आहे. पण ती मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, गावचे चांगले झाड पुरेसे आहे.

कलम जगल्यावरच खरी फसगत होते. जोडाखालून काटेरी फूट जोराने येते, ती पाहून मालक समाधान मानतो आणि वरची काडी मरून जाते. उरतो तो निव्वळ खुंट. म्हणून पहिली दोन वर्षे जोडाखालील प्रत्येक फूट हाताने खुडावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाहणीच्या वेळी आधी जोड पाहावा, मग झाडाची उंची.

लागवड ८ ते १० मीटर अंतरावर, उन्हाळ्यात खणलेल्या व शेणखत-मातीने भरलेल्या खड्ड्यांत करावी. पहिले दोन उन्हाळे पाणी व आच्छादन द्यावे. कोवळ्या पानांवर लिंबावरील फुलपाखराची अळी पडते. ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. थोड्या झाडांवर वेचून नष्ट करणे सर्वांत स्वस्त.

फळ तयार झाले की नाही, हे कवचावरून सहज कळत नाही. ते वीतभर उंचीवरून कठीण जमिनीवर टाकून पाहावे: कच्चे उसळते, तयार झालेले उसळत नाही. उतरविल्यावर सुमारे दोन आठवडे उन्हात ठेवावे, म्हणजे गर पूर्ण पिकतो.