प्रोटामिन आणि चौतिसावे स्थान

हृदयावरील मोठी शस्त्रक्रिया पूर्ण होत आली की भूलतज्ज्ञ रुग्णाच्या शिरेतून प्रोटामिन सल्फेट हे औषध अगदी संथपणे देतात. हृदय-फुप्फुस यंत्रात रक्त गोठू नये म्हणून आधी दिलेल्या हेपॅरिनचा प्रभाव त्यामुळे नाहीसा होतो. हे औषध सामन माशाच्या शुक्राणूंपासून मिळविले जाते, याची अनेकांना कल्पना नसते. मधुमेही रुग्णांच्या परिचयाच्या एन.पी.एच. इन्सुलिनमधील ‘पी’ हे अक्षरही याच प्रोटामिनचे. बाझल येथील फ्रीडरिख मीशर यांनी १८७४ साली ऱ्हाईन नदीतील सामन माशांच्या शुक्राणूंत हा पदार्थ प्रथम ओळखला.

मानवी शुक्राणूतही प्रोटामिन असते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्यातील एक छोटासा फरक हा आहे. जनुकीय तपासणी सुलभ झाल्यापासून, अपत्यप्राप्ती न झालेल्या एखाद्या पुरुषाच्या अहवालात ‘प्रोटामिन-१ जनुकात बदल आढळला’ अशी ओळ येऊ शकते. ती वाचून कुटुंबात जी उलथापालथ होते तिची कल्पना देणगीदारांना व विश्वस्तांना असावी, असे वाटते. तोवर सुनेकडे दाखविले जाणारे बोट मुलाकडे वळते; दोष शोधण्याची वृत्ती मात्र तशीच राहते. पुढे महागड्या उपचारांचे निर्णयही कधी कधी त्या एका ओळीच्या आधाराने घेतले जातात. म्हणूनच तिचा नेमका अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

शुक्राणूच्या डोक्याची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. तेवढ्या जागेत जवळपास एक मीटर लांबीचा डीएनएचा धागा बसवावयाचा असतो. शरीरातील इतर पेशींत हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. शुक्राणू पक्व होत असता बहुतांश हिस्टोन दूर होतात आणि त्यांची जागा प्रोटामिन घेते. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, तर प्रोटामिनमधील आर्जिनिन या अमिनो आम्लावर धन. दोहोंच्या आकर्षणामुळे धागा घट्ट आवळला जातो. हेपॅरिनही ऋणभारित असल्याने शस्त्रक्रियागृहातील औषधाचे कार्यही याच तत्त्वावर चालते.

मानवी प्रोटामिन-१ हे ५१ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. त्यातील तब्बल २४ आर्जिनिन आहेत, जवळजवळ निम्मी. त्याचे जनुक १६व्या गुणसूत्रावर असते, म्हणजे त्याची एक प्रत मातेकडून व एक पित्याकडून येते. काही व्यक्तींमध्ये या जनुकातील १०२ क्रमांकाच्या ‘जी’ अक्षराऐवजी ‘टी’ आढळते आणि त्यामुळे प्रथिनातील ३४व्या स्थानी आर्जिनिनऐवजी सेरीन हे विद्युतभार नसलेले अमिनो आम्ल बसते.

२००६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात हा बदल पुरुष-वंध्यत्वाचे संभाव्य कारण असू शकेल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी उपस्थित केला. शंका निराधार नव्हती. प्रोटामिन जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत निकामी झाली तरी नर उंदीर प्रजननक्षम राहत नाहीत, असे २००१ मध्ये दिसून आले होते. परंतु त्या उंदरांत एक संपूर्ण प्रतच निरुपयोगी केलेली होती; येथे प्रथिन तयार होते, केवळ त्यातील एक घटक बदलतो. २००८ साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की या बदलाचा वंध्यत्वाशी संबंध जुळत नाही. दुर्दैवाने पहिली वार्ता जितकी दूर पोहोचते तितकी तिची दुरुस्ती पोहोचत नाही.

एक आर्जिनिन कमी होऊनही बिघाड का होऊ नये, याचे उत्तर उत्क्रांतीत सापडते. मानव, चिंपांझी, गोरिला व इतर वानरवंशीय प्राण्यांची प्रोटामिन-१ शेजारी मांडून पाहिली असता आर्जिनिनच्या जागा बऱ्याच बदललेल्या दिसतात, पण आर्जिनिनचे एकूण प्रमाण टिकून राहिलेले दिसते. निसर्गाने येथे विशिष्ट जागेपेक्षा एकंदर विद्युतभार सांभाळला आहे. ३४वे स्थान तर सलग तीन आर्जिनिनच्या मधले. दोन्ही बाजूंचे शेजारी आपल्या ठिकाणी असतात आणि एकूण २३ शिल्लक राहतात.

आता असे बदल पारखण्याची पद्धतही शिस्तीची झाली आहे. २०१५ साली अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेने त्यांचे पाच वर्ग ठरवून दिले: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. निरोगी लोकांत तो बदल किती आढळतो, हा त्यातील एक महत्त्वाचा निकष. भारतीयांच्या जनुकांची पुरेशी नोंद नसल्याने पूर्वी येथील अहवाल परदेशी आकड्यांवर विसंबत. २०१९ मध्ये ‘इंडिजेन’ प्रकल्पात सुमारे एक हजार आणि २०२४ मध्ये ‘जीनोम इंडिया’त दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले, ही उणीव त्यामुळे बरीच कमी झाली आहे.

आमचे स्पष्ट मत असे की, प्रत्येक जोडप्याची विस्तृत जनुक-तपासणी करणे हा धर्मादाय निधीचा योग्य विनियोग नव्हे. वीर्यतपासणी नीट व्हावी, दोष आढळल्यास ती पुन्हा करावी, पत्नीचीही तपासणी सोबतच व्हावी. शुक्राणू नसतील किंवा त्यांची संख्या अत्यल्प असेल, तर गुणसूत्रांची तपासणी आणि ‘वाय’ गुणसूत्राचा भाग गळाला आहे काय हे पाहणे उपयुक्त ठरते, कारण त्या उत्तरावर उपचारांची दिशा खरोखर बदलते.

ज्या कुटुंबांकडे जुने जनुकीय अहवाल आहेत त्यांनी ते टाकून देऊ नयेत. पूर्वी ‘अर्थ अनिश्चित’ म्हणून नोंदलेला बदल आज निरुपद्रवी ठरलेला असू शकतो. भेटीस येताना मूळ प्रत सोबत आणावी, आणि शक्यतो पती-पत्नी दोघांनीही यावे.