तलवारीवाचून मिटलेला दावा

तहाची बोलणी करतो तो भ्याड आणि शेवटच्या माणसापर्यंत लढू म्हणतो तोच शूर, ही समजूत लोकांत फार जुनी आहे. सभेत टाळ्या पडतात त्या दुसऱ्यासच. परंतु रणांगणावर ज्यांची मुले पडतात त्यांस विचारून ही समजूत कोणी ठरविली आहे काय? या प्रश्नाचा विचार व्हावा म्हणून आज आम्ही वाचकांपुढे मिसर देशाचा सुलतान अल-कामिल याचे उदाहरण ठेवीत आहो.

इ. स. ११८७ मध्ये ख्रिस्ती लोकांपासून जेरुसलेम घेणारा जो सलाहुद्दीन, त्याचा हा पुतण्या. १२१८ साली बापाच्या मृत्यूनंतर तो तख्तावर आला, तेव्हा क्रूसेडवाल्यांचे सैन्य नाईलच्या मुखाजवळील दमिएटा शहरास वेढा घालून बसले होते. मिसर सोडून जाल तर जेरुसलेम तुमच्या स्वाधीन करतो, असे सुलतानाने त्यांस कळविले. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हाती येत असता कोण नाही म्हणेल? परंतु पोपचा प्रतिनिधी पेलेजियस याने नकार दिला. १२१९ च्या नोव्हेंबरात दमिएटा पडले. त्याच वर्षी असिसीचा साधू फ्रान्सिस निःशस्त्र सुलतानाच्या छावणीत गेला. सुलतानाने त्यास भेट दिली आणि सुखरूप परत जाऊ दिले.

दोन वर्षांनी विजयाने फुगलेले ते सैन्य कैरोच्या रोखाने निघाले आणि मन्सुराजवळ नाईलच्या पुरात अडकले. मिसरी लोकांनी बांध फोडले, वाटा बुडाल्या, परतीचा मार्ग तुटला. शत्रूचा समूळ नाश करण्याची ही संधी होती. सुलतानाने मागितले ते एवढेच, की दमिएटा परत द्या आणि आठ वर्षे तह पाळा. इतकेच नव्हे, तर त्या उपाशी सैन्यास त्याने अन्न पुरविले. ज्यांचे आप्त आम्ही मारले त्यांनीच आम्हांस जगविले, अशा अर्थाची कबुली त्या सैन्यातीलच ऑलिव्हर नामक धर्मोपदेशकाने लिहून ठेवली आहे.

पुढे १२२८ साली बादशहा दुसरा फ्रेडरिक एकर बंदरात उतरला. पोपने त्यास आदल्याच वर्षी बहिष्कृत केले होते, आणि त्याच्याजवळ सैन्यही थोडे होते. सुलतानाचा वकील फख्रुद्दीन आणि बादशहा यांच्यात महिनोन्‌महिने बोलणी चालली. अखेर १८ फेब्रुवारी १२२९ रोजी तह ठरला. जेरुसलेम, बेथलेहेम व नाझरेथ ख्रिस्त्यांकडे जावी. परंतु जेरुसलेमातील अल-अक्सा मशीद व घुमटाची वास्तू ज्या आवारात आहेत ते मुसलमानांकडेच राहावे आणि तेथे त्यांची उपासना निर्वेध चालावी. तहाची मुदत दहा वर्षांवर काही महिने असावी. ज्या नगरासाठी शतकभर रक्ताचे पाट वाहिले, त्याचा निकाल एका लेखाने लागला.

या दोघांस बक्षीस काय मिळाले? दमास्कसच्या मशिदीत सुलतानाच्या निषेधाची व्याख्याने झाली. इकडे जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्माधिपतीने आपल्याच पवित्र नगरातील उपासना बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि स्वदेशी परतणाऱ्या बादशहावर एकरच्या खाटकांनी आतडी फेकली. परस्परांचे वैरी असलेले दोन्ही पक्षांतील अतिरेकी या एका गोष्टीत मात्र एक झाले.

कोणी म्हणेल, सुलतानाने हे औदार्याने केले नाही. दमास्कस पुतण्याकडून हिरावून घ्यावयाचे होते म्हणून एक शत्रू वाटेला लावला. हा आक्षेप खरा आहे. त्याच वर्षी त्याने दमास्कस घेतलेही. आम्ही त्यास संत म्हणून पुढे करीत नाही. परंतु न्यायालयात तडजोड करणारे पक्षकार तरी संत कोठे असतात? केवळ सद्भावनेवर लिहिलेला करार पहिल्या मतभेदासरशी फाटतो. ज्यात दोघांचाही लाभ स्पष्ट मांडलेला असतो, तो मुदत संपेपर्यंत तग धरतो. हा तह तसा टिकला.

त्यातील खरा दोष निराळा आहे. तह दोन राजांत झाला. त्यांच्या प्रजांच्या मनात तो कोणी रुजविला नाही. सुलतान १२३८ साली वारला, पुढच्या वर्षी मुदत संपली, आणि १२४४ मध्ये ख्वारिझमी टोळ्यांनी जेरुसलेम लुटून उद्ध्वस्त केले. दरम्यानची दहा वर्षे लोकमत घडविण्यात खर्ची पडली असती, तर मुदत संपताना नव्या तहाची मागणी लोकांनीच केली असती.

ती जबाबदारी राजांची नव्हे, ती उपदेशकांची, शिक्षकांची आणि लेखणी धरणाऱ्या आमच्यासारख्यांची असते. म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच, की कोठे तडजोड झाल्याची वार्ता आली असता प्रथम तिची कलमे वाचावी. काय दिले, काय घेतले आणि किती प्राण वाचले, याचा हिशेब करावा. मग ती करणाऱ्यास भ्याड म्हणावयाचे की नाही, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.