गुडघ्याचे दुखणे व सुईचा उपचार

बेळगावच्या बाजारपेठेत गादीवर मांडी घालून आम्ही चाळीस वर्षे धान्याचा व्यापार केला. गतवर्षी दशलक्षण पर्वात आमचा उजवा गुडघा इतका सुजला की, बस्तीच्या पायऱ्या चढणे व सामायिकास बसणे अशक्य झाले.

अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियागृहात न नेता तपासणीच्या खोलीतच कातडी बधिर केली, सुईने साचलेले पाणी काढले व सांध्यात कॉर्टिझोन जातीचे औषध सोडले. तासाभरात आम्ही चालत घरी आलो. मात्र आपला मधुमेह आम्ही त्यांना सांगितला नव्हता. या औषधाने काही दिवस रक्तातील साखर वाढते. आमची तीनशेच्या वर गेली. दोष डॉक्टरांचा नव्हे, आमच्या मौनाचा होय.

सांध्यात असे औषध देण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. हॉलंडर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केली. आता तर सुमारे दोन मिलिमीटर जाडीची दुर्बीण सुईप्रमाणे घालून दवाखान्यातच सांध्याचे अंतरंग पाहता येते. परंतु झीज भरून काढणारी सुई अद्याप निघालेली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत १४० रुग्णांपैकी काहींस दोन वर्षे दर तीन महिन्यांनी हे औषध, तर काहींस केवळ मिठाचे पाणी टोचले. वेदना दोहोंकडे सारख्याच राहिल्या. औषध घेतलेल्यांची कूर्चा मात्र अधिक झिजली. तात्पुरत्या आरामासाठी क्वचित घेतलेली सुई ठीक. तिचा रतीब लावू नये.

आपल्या समाजास आणखी एक गोष्ट विचारणीय आहे. सांध्यात वंगण म्हणून टोचतात त्या हायल्युरॉनिक आम्लाचे काही प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. काही सूक्ष्मजीवांच्या किण्वनाने तयार करतात. अहिंसाव्रत पाळणाऱ्याने सुई टोचण्यापूर्वीच औषधाचे मूळ विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

पोत्यात नळी खुपसून नमुना पाहिल्याखेरीज आपण माल उचलीत नाही. मग औषध कोणते, कशापासून केलेले, आराम किती दिवसांचा, एवढे तरी विचारावे. आणि आपले जुने आजार न लपविता सांगावेत. वजन आटोक्यात ठेवणे व मांडीच्या स्नायूंचा नित्य व्यायाम यांस सुई हा पर्याय नव्हे, असे आमच्या व्यापारी बंधूंस आमचे नम्र सांगणे आहे.