तुणतुण्याचं तोंड

तुणतुण्याला नाद बाहेर पडायला वेगळं भोक पाडत नाहीत. वीतभर लाकडी नळी, तळाला ताणून बसवलेलं कातडं. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार नळीतून वर येते आणि बाजूच्या काठीवरच्या खुंटीला गुंडाळली जाते. वरचं तोंड सताड उघडं. माहूरच्या रेणुकेचे रेणुराई गोंधळी असोत की तुळजापूरच्या भवानीचे कदमराई, संबळाच्या जोडीला तुणतुणं हवंच.

लातुरात लग्नानंतरचा गोंधळ आटोपल्यावर गोंधळीमामांनी ते माझ्या हाती दिलं. तार छेडत, तिला धक्का न लावता, तोंडावर तळवा आडवा धरत गेलो. तारेचा स्वर हलला नाही, पण आवाज घोगरा झाला. “कोंडलं बघा,” मामा म्हणाले. नळीतली हवाही आत-बाहेर डोलत असते. वाट अरुंद झाली की तिचं डोलणं मंदावतं.

मग लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापल्या. एकीला 2 सेंटीमीटर व्यासाचं गोल भोक, दुसरीला अर्धा सेंटीमीटर रुंद आणि सव्वासहा सेंटीमीटर लांब चीर. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. काठापासून काप देऊन तार त्यातून मोकळी ठेवली, चकती तोंडावर दाबली आणि कातड्यावर टिचकी मारली. गोल भोकाचा आवाज खालचा, दबलेला. चिरेचा जरा चढा, मोकळा. हवेचा वेग भोकाच्या मध्यापेक्षा काठाशी जास्त असतो, आणि काठ गोलाला सव्वासहा सेंटीमीटर, तर चिरेला साडेतेरा.

व्हायोलिनवरच्या त्या लांब, नागमोडी चिरांचं मर्म हेच. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस मॅक्रिस आणि सहकाऱ्यांनी 2015 साली ते गणिताने मांडलं. दहाव्या शतकातल्या पूर्वज वाद्यांच्या गोल भोकांपासून अठराव्या शतकात इटलीतल्या क्रेमोना शहरात घडलेल्या व्हायोलिनपर्यंत आकार बदलत गेला, आणि हवेतून मिळणारी नादशक्ती सुमारे दुप्पट झाली. पिढ्यान् पिढ्या कारागिरांनी कानाने निवडत नेलेली ही वाट आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुणतुण्याला ती वाट धरावी लागली नाही. व्हायोलिनची लाकडी पाटी ताठ, खालच्या स्वरांना तिला हवेची साथ लागते. इथे तार थेट हलक्या कातड्यालाच ओढते, आवाज तिथेच उठतो. संबळाच्या दणदणाटात गाणाऱ्याला आधारस्वर आणि लय देत राहायचं, तर वाट जितकी मोकळी तितकी बरी. काही तुणतुण्यांची नळी आता पत्र्याची दिसते. तोंड तिचंही उघडंच असतं.