दोन रुपयांचे वेतन : नागपूरचे कायदे कौन्सिल, १९२४

भिलाईच्या पोलाद कारखान्यासंबंधीचा भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, त्या वेळी भिलाई ज्या राज्यात होती त्या राज्याची राजधानी नागपूर होती. दुर्ग जिल्ह्यातील लोकांसाठी कायदे करणारे सभागृह त्याआधी चार दशके नागपुरातच भरत आले होते. मुंबई इलाख्यात गव्हर्नरच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक १८६२ साली झाली. मध्य प्रांताला मात्र असे कौन्सिल मिळण्यासाठी १९१४ साल उजाडावे लागले. उशिरा जन्मलेल्या या सभागृहाने अवघ्या दहा वर्षांत असे एक अधिवेशन घडविले, की साऱ्या देशाचे लक्ष नागपूरकडे लागून राहिले.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर या कौन्सिलात सुमारे सत्तर सभासद होते. नागपूर व वऱ्हाडकडील सभासद मराठी, जबलपूर व छत्तीसगडकडील हिंदी, आणि कामकाज मुख्यतः इंग्रजीत. वकील व मालगुजार यांचा भरणा मोठा होता, कारण मताधिकार मालमत्तेवर अवलंबून होता. दलित वर्गाचे प्रतिनिधी मतपेटीतून येत नसत, सरकार त्यांची नेमणूक करी. वऱ्हाडची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. हा मुलूख १९०२ च्या करारान्वये ब्रिटिशांकडे कायमच्या पट्ट्याने आलेला असला, तरी कागदोपत्री तो निजामाचाच होता. त्यामुळे वऱ्हाडच्या मतदारांनी आपला प्रतिनिधी निवडून दिल्यावरही सरकार त्याची रीतसर ‘नेमणूक’ करी, आणि मगच तो सभागृहात बसे.

कारभाराची विभागणी दोन भागांत झालेली होती. पोलीस, तुरुंग, जमीनमहसूल व वित्त ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याचे कार्यकारी मंडळ यांच्या हाती. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती दिवाणांच्या हाती. दिवाण कौन्सिलला जबाबदार होते, परंतु तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याजवळ नव्हत्या. शाळा काढावयाची तर पैसा राखीव बाजूकडून यावयाचा. हीच ती द्विदल राज्यपद्धती.

चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनी १९२३ च्या आरंभी स्थापन केलेल्या स्वराज्य पक्षाला या पद्धतीचे पोकळ स्वरूप जगापुढे मांडावयाचे होते. आत शिरून अडवणूक करणे हा त्यांचा मार्ग. पार्नेलच्या नेतृत्वाखाली आयर्लंडच्या प्रतिनिधींनी ब्रिटिश पार्लमेंटात असाच मार्ग चोखाळला होता. वर्षअखेरीच्या निवडणुकीत पक्षाने अनेक प्रांतांत जागा जिंकल्या, परंतु निर्विवाद बहुमत मिळाले ते केवळ मध्य प्रांतात. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी दिवाणपदे देऊ केली, ती पक्षाने नाकारली. तेव्हा गव्हर्नरने बहुमताचा पाठिंबा नसलेले दोन दिवाण नेमले, आणि कौन्सिलने त्यांच्यावर अविश्वास व्यक्त केला.

मार्च १९२४ मध्ये अंदाजपत्रक आले. एकामागून एक मागण्या फेटाळल्या गेल्या. मंजुरी मिळाली ती दिवाणांच्या वेतनाला, आणि तीही वर्षाला दोन रुपये. वेतन सरळ नामंजूर न करता दोन रुपये का? कायद्यातील शब्द असे होते, की कौन्सिलने मत देऊन कमी वेतन ठरविले नसेल, तर दिवाणाला कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतकेच वेतन देता येईल. म्हणजे नकारासाठीसुद्धा काही आकडा मांडणे सोयीचे होते. ही योजना थट्टेची वाटते खरी, पण तिच्यामागे कायद्याचे काटेकोर वाचन होते. सभागृहात वकिलांची वाण नव्हती.

अमेरिकेच्या घटक राज्यांत विधिमंडळाने मंजूर केल्याखेरीज खजिन्यातून पैसा बाहेर पडत नाही. नागपुरात तसे नव्हते. राखीव खात्याची नामंजूर मागणी आपली जबाबदारी पार पाडण्यासाठी आवश्यक आहे, असे गव्हर्नरने प्रमाणित केले की ती मंजूर झाल्याप्रमाणेच होई. सोपीव खात्यांच्या बाबतीत मात्र खाते चालू ठेवण्यापुरता किंवा आणीबाणीचा खर्च करण्याचाच अधिकार त्याला होता. परिणाम उलटाच झाला. ज्या पोलीस खात्याला चाप लावावयाचा ते पूर्ववत चालू राहिले, आणि शाळा-दवाखान्यांच्या नव्या योजनांचा मार्ग खुंटला. दिवाण पायउतार झाले, सोपीव खातीही गव्हर्नरने आपल्याकडे घेतली. ही व्यवस्था १९२६ च्या अखेरीपर्यंत टिकली. द्विदल पद्धती जनतेच्या संमतीवाचून चालते, हे सिद्ध करण्याचा पक्षाचा हेतू सफल झाला. त्याची किंमत कोणी भरली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

नुसत्या नकारावर पक्षाची एकजूटही फार दिवस टिकली नाही. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे पुढारी १९२५ साली कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. दिवाणाच्या वेतनाला कात्री लावता येत होती, पण या जागेचे वेतन कौन्सिलच्या मताबाहेर होते! मोतीलाल नेहरूंनी कडक टीका केली; न. चिं. केळकर व जयकर यांनी तांब्यांची बाजू घेतली. या वादातून पक्ष फुटला, आणि १९२६ च्या फेब्रुवारीत अकोल्यास प्रतियोगी सहकारितेचा पक्ष आकारास आला. बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव १९२४ मध्ये स्वराज्य पक्षाच्या बाकांवर होते. १९२७ मध्ये ते स्वतःच दिवाण झाले. पुढे १९२९ साली तांबे आणि १९३६ साली राव यांनी हंगामी गव्हर्नर म्हणूनही काम पाहिले. याला केवळ संधिसाधूपणा म्हणणे अन्यायाचे होईल. अडवणुकीने मिळण्यासारखे ते मिळून चुकले, आता हाती येईल ते खाते चालवावे, असे मानणारे प्रामाणिक लोकही त्यांत होते.

दुर्गचे घनश्याम सिंह गुप्त यांनी दुसरी वाट धरली. १९२० नंतरच्या दशकात ते या कौन्सिलात विरोधी बाकांवर बसत. १९३७ मध्ये द्विदल पद्धती जाऊन ११२ सभासदांची विधानसभा आली आणि काँग्रेसला बहुमत मिळाले, तेव्हा सभागृहाने त्यांना सभापती निवडले. नागपूरच्या अनसूयाबाई काळे उपसभापती झाल्या. गुप्त १९५२ पर्यंत त्या आसनावर होते. राज्यघटनेच्या हिंदी भाषांतर समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग जिल्ह्याचे प्रतिनिधी नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागले. २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यापासून भिलाईचे आमदार रायपूरच्या विधानसभेत बसतात.