विजेत्याचा नकार : ज्याकोमो अगोस्तिनी आणि सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघरच्या जलाशयाच्या काठाकाठाने चढत जातो आणि वरंध घाटाने कोकणात उतरतो. वेल्ह्याकडे येणारा पाबे घाटाचा रस्ताही असाच वळणावळणांचा आहे. सुटीच्या दिवशी पुण्याकडील तरुण मोटारसायकलस्वारांचे जथे ह्या दोन्ही वाटांवर दिसतात. त्यांतील पुष्कळांस केवळ प्रवास अभिप्रेत असतो. काहींस मात्र वळण किती वेगाने घेता येते, हे अजमावून पाहावयाचे असते. वेगाच्या ह्या ओढीला केवळ उनाडपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण त्याने प्रश्न सुटत नाही. ज्याने ही विद्या परमोच्च पदाला नेली, अशा एका विश्वविजेत्याच्या चरित्राच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम वळणाचे गणित पाहू. सपाट रस्त्यावर वळण घेताना मोटारसायकल आतल्या बाजूस कलवावी लागते. ह्या कलाच्या कोनाची स्पर्शज्या ही वेगाच्या वर्गाला वळणाची त्रिज्या व गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराने भागले असता मिळते, आणि टायर व रस्ता यांमध्ये लागणारे घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. २५ मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घेतले, तर सुमारे २७ अंशांचा कल आणि सुमारे ०.५ इतका घर्षणगुणांक लागतो. तेच वळण ताशी ६० किलोमीटर वेगाने घेऊ म्हटले, तर कल ४९ अंशांच्या घरात जातो आणि घर्षणगुणांक १.१ च्या वर लागतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण टायरला मिळणारे घर्षण ह्याहून कमी असते. म्हणजे वेग दीडपट झाला की गरज सव्वादोन पट होते. ओल्या रस्त्यावर, पसरलेल्या खडीवर किंवा दरडीच्या मातीवर तर पहिला वेगही जड जावा. कौशल्य हे मर्यादेच्या जवळ जाण्याचे सामर्थ्य देते. मर्यादा हलविण्याचे नव्हे.

हीच मर्यादा शर्यतीच्या रूपाने जेथे सर्वांत दीर्घकाळ अजमावली गेली, ते स्थळ म्हणजे आयर्लंड व इंग्लंड यांमधील आइल ऑफ मॅन हे बेट. तेथील ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९११ पासून ती डोंगरी मार्गावर होऊ लागली. हा मार्ग सुमारे ६० किलोमीटर लांबीचा असून त्यात दोनशेहून अधिक वळणे आहेत. तो खास बांधलेला नाही. एरवी गावकऱ्यांच्या वहिवाटीचा असलेला हा रस्ता शर्यतीपुरता बंद करण्यात येतो. दोन्ही अंगांस दगडी गडगे, घरे, तारांचे खांब आणि वर डोंगरावर धुके अशी त्याची रचना आहे. १९४९ मध्ये जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ह्या शर्यतीचा तिच्यात समावेश झाला. परिणामी, ज्याला विश्वविजेता व्हावयाचे होते त्याला ह्या रस्त्यावर उतरणे प्राप्त झाले.

ज्याकोमो अगोस्तिनी याचा जन्म १६ जून १९४२ रोजी उत्तर इटलीतील ब्रेशा येथे झाला. त्याचे बालपण इसेओ सरोवराच्या काठच्या लोव्हेरे ह्या गावी गेले. मुलाने शर्यतीत उतरावे हे वडिलांना मान्य नव्हते. मुलगा सायकलशर्यतीसाठी परवानगी मागत आहे असा एका नोटरीचा समज झाला आणि त्याच्या सल्ल्यावरून वडिलांनी संमतीपत्रावर सही केली, अशी आख्यायिका सांगतात. मोरिनी कारखान्याच्या गाड्यांवर नाव मिळविल्यावर १९६५ मध्ये तो एम्. व्ही. अगुस्ता ह्या कारखान्याच्या संघात दाखल झाला. तेथे त्याचा सहकारी होता इंग्लंडचा माइक हेलवुड. पुढील वर्षी हेलवुड होंडाकडे गेला आणि सहकारी प्रतिस्पर्धी बनला.

१९६६ मध्ये अगोस्तिनीने ५०० घनसेंटीमीटर वर्गाचे अजिंक्यपद प्रथम मिळविले. १९६७ चा हंगाम तर अतिशय चुरशीचा ठरला. टूरिस्ट ट्रॉफीच्या सीनियर शर्यतीत दोघांची झुंज चालू असताना अगोस्तिनीच्या गाडीची साखळी तुटली व हेलवुड जिंकला. त्या दिवशी हेलवुडने नोंदविलेला फेरीचा वेग, ताशी सुमारे १७५ किलोमीटर, १९७५ पर्यंत अबाधित राहिला. हंगामाअखेर दोघांचे गुण समान आणि विजयही प्रत्येकी पाच झाले. दुसऱ्या क्रमांकांच्या आधिक्यावर पद अगोस्तिनीकडे राहिले. त्यानंतर होंडाने माघार घेतली आणि त्याला तोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही. १९६८ साली त्याने ५०० वर्गातील दहाही शर्यती जिंकल्या. ह्या काळातील विजयांचे मूल्यमापन करताना ही परिस्थिती विसरून चालणार नाही. परंतु १९७४ मध्ये तो यामाहाकडे गेला आणि सर्वस्वी निराळ्या धाटणीच्या टू-स्ट्रोक एंजिनावर १९७५ चे ५०० वर्गाचे पद त्याने मिळविले. ह्या वर्गात अशा एंजिनाला मिळालेले हे पहिलेच अजिंक्यपद होय. केवळ यंत्राच्या बळावर तो जिंकला, ह्या आक्षेपाचे त्यामुळे बहुतांशी निरसन होते. एकूण १५ अजिंक्यपदे आणि १२२ विजय ही त्याची कमाई होय. व्हॅलेंतीनो रॉसीची कारकीर्दही ११५ विजयांवर थांबली.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या आकड्यांहून १९७२ चा जून महिना अधिक महत्त्वाचा आहे. ९ जून रोजी आइल ऑफ मॅनवर पाऊस व धुके असताना १२५ वर्गाची शर्यत झाली. त्या वर्गाच्या गुणतक्त्यात त्या वर्षी अग्रस्थानी असलेला अगोस्तिनीचा देशबंधू व मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती डोंगरावरील वळणांत घसरून मरण पावला. अगोस्तिनीने ह्या मार्गावर एकूण दहा विजय मिळविले. त्या वर्षीची सीनियर शर्यतही त्यानेच जिंकली. त्यानंतर मात्र आपण येथे पुन्हा शर्यतीस उतरणार नाही, असे त्याने जाहीर केले आणि ते अखेरपर्यंत पाळले. इतर नामवंत स्वारही दूर राहिले. १९७६ नंतर ह्या शर्यतीचा अजिंक्यपदाचा दर्जा गेला आणि १९७७ पासून ब्रिटनची जागतिक फेरी सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त मार्गावर होऊ लागली.

ह्या नकारात भीरुता होती काय? दहा वेळा तो मार्ग जिंकलेल्या माणसाविषयी असे म्हणणे कठीण आहे. उलट बाजूही नमूद केली पाहिजे : हेलवुड १९७८ मध्ये तेथे परतला आणि डुकाटीवर विजयी झाला. त्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण गेले असूनही शर्यत चालूच आहे व स्वार स्वेच्छेने तेथे जातात. म्हणून नकाराचे फलित नेमके सांगावयाचे, तर शर्यत बंद पडली नाही. तिची सक्ती संपली. जागतिक पदासाठी तो धोका पत्करलाच पाहिजे, हे बंधन गेले आणि धोका हा पुन्हा ज्याच्या त्याच्या निर्णयाचा विषय झाला.

ह्या कसोटीवर आपले घाट पाहिले म्हणजे भेद स्पष्ट होतो. आइल ऑफ मॅनवर रस्ता बंद असतो, आणि जो पडतो त्याने ते आधी पत्करलेले असते. वरंध वा पाबे घाटात समोरून एस्. टी. येते, वळणापलीकडे गुरे उभी असतात, बाजारचे ओझे घेऊन माणसे चालत असतात. त्यांपैकी कोणीही ह्या शर्यतीला संमती दिलेली नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ ने शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे दंडनीय ठरविले आहे, त्यामागील तत्त्व हेच होय. स्वतःचा धोका स्वतः पत्करण्याचा अधिकार मान्य केला, तरी दुसऱ्याचा धोका पत्करण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.

अगोस्तिनीच्या कारकिर्दीतून वेगाची कला शिकता येईल. तिच्यासाठी बंदिस्त मार्ग आहेत आणि ते आपल्याकडे अधिक व्हावेत, ही मागणीही रास्त आहे. पण कोणता रस्ता शर्यतीचा नव्हे हे ओळखणे, हाही त्याच कलेचा भाग आहे. जिंकलेला मार्ग सोडून देणाऱ्या विजेत्याने तो आपल्या आचरणाने दाखवून दिला.