जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मधली कडी

जुन्या मालात एखादा सोव्हिएत बनावटीचा 'झेनिट' कॅमेरा आला की पुष्कळदा तो भंगाराच्या भावाने जातो. कॅमेरा बंद पडला म्हणून लेन्सही गेली, असे मात्र नसते. अशा लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याचा छंद आज अनेकांना आहे. आमच्या व्यापारी आणि लेथवाल्या बंधूंनी यातले गणित समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

प्रत्येक लेन्सची बैठक फिल्मपासून ठरावीक अंतरावर असावी लागते. झेनिटवरील हेलिओस ४४-२ ही ५८ मि.मी.ची लेन्स एम-४२ जातीची, म्हणजे ४२ मि.मी. व्यास आणि १ मि.मी. पिचच्या आट्यांची. तिला ४५.४६ मि.मी. अंतर लागते. जुन्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात मध्ये आरसा असे, म्हणून एवढी जागा सोडलेली. २००८ पासून अदलाबदलीच्या लेन्सचे बिनआरशाचे कॅमेरे आले आणि हे अंतर घटले. सोनीच्या ई बैठकीचे अंतर फक्त १८ मि.मी. आहे. ४५.४६ मधून १८ वजा केले की २७.४६ उरतात. तेवढ्या उंचीची धातूची कडी मध्ये बसवली की लेन्स काम करते. कडीत काच लागत नाही.

खरी कसोटी मापाची आहे. कडी ०.१ मि.मी., म्हणजे साधारण कागदाच्या एका पानाइतकी, जाड झाली तर ५८ मि.मी.च्या लेन्सला सुमारे ३४ मीटरपलीकडचे स्पष्ट दिसणार नाही. २८ मि.मी.च्या लेन्सला तर सुमारे ८ मीटरवरच अडेल. कडी किंचित पातळ झाली तर फोकसच्या आकड्यांत थोडा फरक पडतो, पण काम अडत नाही. म्हणून माप मायक्रोमीटरने घ्यावे, आतली बाजू मॅट काळी करावी आणि लांबच्या मनोऱ्यावर फोकस करून पाहावे.

एम-४२ च्या तयार कड्या स्वस्त मिळतात; त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. एन्लार्जर, प्रोजेक्टर किंवा घडीच्या कॅमेऱ्याच्या लेन्सना मात्र तयार कडी सहसा मिळत नाही. तेथे लेन्स पुढेमागे धरून, चित्र कोठे स्पष्ट होते ते मोजून नळी बनवावी लागते. हातचे कसब येथे उपयोगी पडते.

माल घेताना लेन्समधून टॉर्च मारून पाहावे. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. आपल्या पावसाळी हवेत ती लवकर वाढते आणि काचेवरचा लेपही खाते. एम-४२ लेन्स निकॉनच्या जुन्या एफ बैठकीवर हवी असेल, तर तेथील अंतर ४६.५ मि.मी. असल्याने साध्या कडीने दूरचा फोकस मिळत नाही. या दोन्ही गोष्टी पैसे घेण्याआधीच गिऱ्हाइकाला सांगाव्यात. सांगून विकलेला माल परत येत नाही.